बार्शी लाइटची ओस स्टेशनं: जपायची की पाडायची?

रूळबदल
बार्शी लाइट, म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंद रुळांची (नॅरोगेज) गाडी, 1897 मध्ये सुरू झाली, मग पंढरपूर, लातूर, मिरज असे फाटे वाढत गेले. कुर्डुवाडी-पंढरपूर 2001 मध्ये रुंद (ब्रॉडगेज) झाली, लातूरची बाजू 2008 पर्यंत. रूळ भंगारात गेले. मागे राहिले ते जुन्या वाटेवरचे दगडी खोके, टाक्यांचे चौथरे आणि दारं-खिडक्या नसलेली क्वार्टर. ज्यांच्या भिंती अजून ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या आहेत, ती स्टेशनं ग्रामपंचायतींना नाममात्र भाड्यानं द्यावीत. अभ्यासिका करा, दूध संकलन करा, पण छप्पर राहू द्या. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

सातबारा_फेरफार
विरोध आहे. "द्यावीत" म्हणायला काय जातंय मालक? जमीन रेल्वेची. रेल्वेच्या 2022 च्या जमीन धोरणात 35 वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा आहे, वर्षाला बाजारभावाच्या दीड टक्का, पण तो मालवाहतुकीच्या कामांसाठी. चौरस मीटरला वर्षाला एक रुपया हा दर दवाखाना, केंद्रीय विद्यालय असल्या गोष्टींना. गावची अभ्यासिका यातल्या कुठल्या रकान्यात बसवणार?

त्याआधी हद्द तरी माहीत हवी. बार्शी लाइट खाजगी कंपनी होती, सरकारनं घेतली 1954 मध्ये. रेल्वेचा लँड प्लॅन आणि गावचा नकाशा जुळेलच असं नाही. म्हणून पहिलं काम भूमी अभिलेख आणि रेल्वे यांची संयुक्त मोजणी, मग हद्दीचे दगड, मग अतिक्रमण असेल तर सरकारी जागेवरचा बेकायदा ताबा हटवायच्या 1971 च्या कायद्याखाली इस्टेट ऑफिसरची नोटीस. नुसत्या मोजणीच्या तारखांतच सरपंच बदलतो.

बांधावरचा
आणि शेतकऱ्याचं काय? गाडी गेली, रुळाखालचा जमिनीचा पट्टा पडून आहे, तर जमीन मूळ मालकाला परत करा. सरळ हिशेब आहे.

सातबारा_फेरफार
@बांधावरचा, कायद्यात तो सरळ नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्यानं घेतलेली जमीन सरकारकडे निर्वेध जाते, वापर संपला म्हणून परत मागायचा हक्क उरत नाही. पाच वर्षं न वापरलेली जमीन परत करायचं किंवा लँड बँकेत (सरकारी जमीनसाठ्यात) टाकायचं कलम 101 हे 2013 च्या भूसंपादन कायद्यातलं. ते जुन्या संपादनाला मागे लावून फायदा नाही.

कर्व्ह_10_डिग्री
"रेल्वेनं जुनी वाट मुद्दाम टाकून दिली" असं काही जण म्हणतात, म्हणून थोडं तांत्रिक. 762 मिमीची (अडीच फुटी) गाडी अवघड वळणं घेते. 1676 मिमीच्या ब्रॉडगेजला 10 डिग्री, म्हणजे 175 मीटर त्रिज्या, ही शेवटची मर्यादा, आणि वेग हवा तर वळण त्याहून बरंच सौम्य लागतं. म्हणून ठिकठिकाणी वाट बदलली. शिवाय धाराशिव शहर जोडायचं होतं, ते जुन्या मार्गावर नव्हतंच. फलाटाचंही तेच. नॅरोगेजचा फलाट रुळाच्या जवळपास बरोबरीचा, आज उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिमी. म्हणजे इमारतीचा उंबरा फलाटाच्या खाली जाणार आणि पावसाचं पाणी तिकीटघरात. तिथे नवं बांधणंच शहाणपणाचं होतं.

चुना_सुरखी
पाडा म्हणणाऱ्यांना एवढंच: बेसाल्टची भिंत सहसा पडत नाही, पडतं ते छप्पर. पन्हळ फुटते, पाणी भिंतपाटावर (भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडावर) मुरतं, छपराच्या कैचीचं टोक कुजतं आणि मग सगळा भार खाली येतो. खर्च खरा तिथेच. उतारासकट 60 चौरस मीटर छपराला मंगलोरी कौलं चौरस मीटरला 16 धरून 960, फुटतूट दहा टक्के, म्हणजे साधारण 1,050 मागवा. जुनी कौलं वाजवून घ्या, बद आवाज आला की बाजूला.

आता पंचायती हमखास करतात ती चूक. दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडाच्या अंगातून वाट काढते, क्षार वर येतात आणि दोन-चार पावसाळ्यांत चुन्याचा गाभा पीठ होतो. बरोबर पद्धत: दरजा 20-25 मिमी खोल खरवडायच्या, पाण्यानं धुवायच्या, निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू समान घेऊन भरायच्या, नंतर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका. चुना धरायच्या आत सुकतो, नखानं निघतो. दिवाळी ते शिवरात्र हाच हंगाम.

पिंपळ कोयत्यानं छाटू नका, दुप्पट फुटतो. मुळीभोवतीचे दगड उतरवा, मुळी सोडवा, दगड परत बसवा. गवंडी कंटाळा करतो, समोर उभं राहून करून घ्या.

बांधावरचा
चुन्याचं ठीक आहे, पण तुम्ही सगळे इमारतीवरच अडकलाय. जुना बांध अजून शिवारातून आडवा पडलाय. त्याखालच्या मोऱ्या गाळानं बुजल्या, कोणी साफ करत नाही. काळ्या रानात पाणी चार दिवस तुंबलं की तूर पिवळी पडते. स्टेशनला निधी मिळत असेल तर आधी मोऱ्या उपसा. नाहीतर बांध फोडायची परवानगी द्या. लोक मुरूम उचलून तो फोडतातच, पण भलत्या जागी. मग पाणी शेजाऱ्याच्या रानात, आणि भांडण तहसीलला.

रूळबदल
मोऱ्यांचं मान्य, ते आधी. पण वाट सोडली तरी बांधकाम कामाला येतं. डिकसळचा पूल बघा. उजनी धरणाच्या पाण्यामुळे रेल्वेची लाइन हलली आणि ब्रिटिशांचा रेल्वेपूल करमाळ्याकडच्या लोकांना रस्ता म्हणून मिळाला.

सातबारा_फेरफार
तो दाखला माझ्या बाजूचा आहे, राव! 2023 मध्ये त्याच पुलाचं दगडी बांधकाम ढासळलं आणि भिगवणला जाणाऱ्यांची पंचाईत झाली. वापर बदलला की देखभाल कोणाची, हे कागदावर हवं. स्टेशनलाही तेच. करारात तीन ओळी घाला: छपराची जबाबदारी कोणाची, वीज मीटर कोणाच्या नावे, पंचायतीनं दोन वर्षं कुलूप लावलं तर ताबा कोणाकडे. या तीन ओळींशिवाय दिलेलं स्टेशन म्हणजे जुगाराचा अड्डा.

चुना_सुरखी
चौथी ओळ घाला: सिमेंट लावायचं नाही.

रूळबदल
चारही ओळी घेतो. मोजणीचा अर्ज आधी बार्शी तालुक्यातून करू, कारण जुन्या वाटेच्या पहिल्या तुकड्याचं बार्शीकडचं टोक तिथलं. @बांधावरचा, बुजलेल्या मोऱ्यांचे गट नंबर द्या, त्याच अर्जाला जोडतो.

बांधावरचा
नंबर देतो. पण क्वार्टर तरी पाडावीत, असं माझं मत आहे. त्यात जपण्यासारखं काही उरलेलं नाही.