शिडाच्या होड्या आणि विद्यार्थी : पोहता येणे पुरेसे आहे का?

धागाकर्ती

जानेवारी २०१८ मध्ये डहाणूच्या समुद्रात बोट उलटून तीन विद्यार्थिनी बुडाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात तशाच दुर्घटनेत १२ विद्यार्थी व दोन शिक्षिकांचा जीव गेला, तेव्हापासून पालकसभांत "पाण्याचे उपक्रमच नकोत" असा सूर ऐकू येतो. मला तो मान्य नाही. त्या दोन्ही बोटींत मुले केवळ प्रवासी होती. शिडाच्या छोट्या होडीत सुकाणू त्यांच्याच हाती असते आणि होडी उलटणे हा शिकण्याचाच भाग असतो. पोहता येणाऱ्या मुलांना मापाचे लाइफ जॅकेट घालून शिकू द्यावे.

प्रतिसाद : एक पालक

असहमत. इंग्लंडमधील लाइम उपसागरात मार्च १९९३ मध्ये चार विद्यार्थी दगावले, ते किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने त्यांचे कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) आत लोटल्यामुळे आणि मदत फार उशिरा मागितली गेल्यामुळे. कंपनीच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये ब्रिटनने १८ वर्षांखालील मुलांच्या अशा उपक्रमांसाठी परवान्याचा कायदा केला. आपल्याकडे तितकी कडक व्यवस्था येईपर्यंत थांबावे.

प्रतिसाद : एक प्रशिक्षक

वाऱ्याचा मुद्दा अगदी योग्य आहे, थांबण्याचा नाही. कोकणात हिवाळ्याच्या सकाळी मतलई वारा वाहतो, सुरूच्या झाडांच्या आडोशामुळे काठाजवळ पाणी निवांत दिसते आणि आडोसा सुटला की तोच वारा होडीला खोल समुद्राकडे नेतो. म्हणून नवशिक्यांना आम्ही दुपारी, खारे वारे स्थिरावल्यावर आणि लाटा बेताच्या असतील तरच सोडतो. पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात प्रत्येकाने होडी मुद्दाम उलटवायची, शिडाखाली सापडल्यास हाताने कापड वर उचलून श्वास घ्यायचा, बाहेर येऊन सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर) भार देत होडी सरळ करायची. जो त्या वेळी गोठतो, तो उत्तम पोहणारा असला तरी त्याला पुढे नेत नाही. बचावाची मोटारबोट धक्क्याला बांधलेली नव्हे, मुलांबरोबर पाण्यातच हवी, आणि मूल जवळ येताच तिचे इंजिन बंद झाले पाहिजे.

धागाकर्ती

पोहण्याबरोबर ही चाचणीही अट म्हणून मला मान्य आहे. परवान्याची सक्ती मात्र नको. त्याचा खर्च शुल्कात येईल आणि किनाऱ्यावरच्या साध्या शाळांची मुले सर्वांत आधी बाहेर पडतील.

प्रतिसाद : एक पालक

मग निदान एवढे करा : त्या दिवशी होड्या सोडायच्या की नाही, हे शिबिराच्या शुल्काशी काहीही संबंध नसलेल्या जाणकाराने ठरवावे, आणि रद्द झालेल्या दिवसाचे पैसे परत मिळतील हे आधीच लेखी द्यावे.