गुल्लक फुटली, आता पुढे काय?

राजेंद्रनगरची आई
मुलगा 11 वर्षांचा, सहावीत. मागच्या दिवाळीत मातीची गुल्लक घेऊन दिली होती, ती परवा स्वारीने फोडली. 1,460 रुपये निघाले. त्यातले 900 एका रात्रीत सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेले. मामा, तीन मित्र, भुट्ट्याचा कीस, वर जिलेबी. खाण्याबद्दल माझं काही नाही, इंदूरचं पोर आहे. पण "पैसे संपले तर?" विचारलं तर म्हणतो, "बाबांच्या फोनवरून स्कॅन करू ना." त्यात आजी गुपचूप शंभराची नोट हातात कोंबते. महिन्याचे पैसे बांधून द्यावेत की खातं काढावं? (गुल्लकीतून दूधवाल्यासाठी चिल्लर मीही काढायचे, उलटी धरून, भेगेत केसांचा आकडा घालून. पण ते किरकोळ.)

निवृत्त पोस्टवाला
ताई, माझी नोकरी पोस्टाच्या काउंटरवरच गेली. 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, व्यवहारही तोच करतो. सुरुवातीला 500 लागतात. तुमच्याकडे 560 उरलेत, बसतंय. शिल्लक 500च्या खाली जाईल इतकं काढू देत नाहीत, ते तुमच्या पथ्यावरच. व्याज 4 टक्के, म्हणजे 500वर वर्षाला 20 रुपये. त्याची लालूच दाखवू नका, पोरगं हसेल. एक मात्र करा: जाण्याआधी वहीत सही घोटून घ्या. मुलांची सही दर वेळी वेगळी येते आणि पैसे काढायच्या दिवशी खिडकीवरून परत फिरावं लागतं.

सुदामानगरची काकू
खातं काढा, पण आधी ते कंसातलं निस्तरा! चिल्लर परत टाकलीत का?
आमच्याकडे लेकीला दर रविवारी भाजीचे 200 देते. हिशेब लिहायचा, उरतील ते तिचे. पहिल्याच रविवारी बाईंनी कोथिंबीर गाळून 10 रुपये वाचवले. आठवडाभर बिनकोथिंबिरीचे पोहे खाल्ले आम्ही, तेही इंदुरात. पुढच्या खेपेला मिरच्यांबरोबर फुकट मागून आणली. आजीचं सोडून द्या, नातवंडांच्या बाबतीत आजीला कोणी आवरलंय?

राजेंद्रनगरची आई
काका, सही घोटणं चालू आहे. 'र'ची शेपटी अजून जागेवर येत नाही.
काकू, पकडलंत. रात्री आठवत बसले, 240 तरी असतील. देते म्हटलं, तर वही घेऊन आला, तारीख टाकली आणि व्याज विचारलं. मी म्हटलं, पोस्टाचे 4 टक्के. "ते पोस्टाचं. तू न विचारता घेतलेस." शेवटी 10 टक्क्यांवर ठरलं. उद्या 264 द्यायचेत. रोख. स्कॅन चालणार नाही म्हणे.