प्रत्येक डेटाबेसवर चालेल असेच सॉफ्टवेअर लिहिण्याचा अट्टहास कशासाठी?

धागाकर्ता: ‘बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसच्या आतच, त्याच्याच भाषेत साठवलेला प्रोग्राम) लिहिणे म्हणजे विक्रेत्याच्या हाती आपली शेंडी देणे’, हे येथील कालचे विधान मला मुळीच पटले नाही. दुसऱ्या डेटाबेसवर कधी न होणाऱ्या स्थलांतरासाठी कोड आणि डेटाबेस यांच्यामध्ये मधला थर उभारायचा, डेटाबेसच्या निम्म्या सोयी सोडायच्या आणि तो खर्च ग्राहकाच्या माथी मारायचा, हा अन्याय आहे.

जुना डीबीए (डेटाबेस सांभाळणारा): ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. कधी न होणारे स्थलांतर? ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी) विकत घेतली आणि डिसेंबरमध्येच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. तेव्हा कित्येकांना घाईने पर्याय शोधावे लागले. ओरॅकल या विकतच्या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर या, म्हणजे कळेल. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असे मानतो, पोस्टग्रेस मानत नाही. त्यामुळे ‘इज नल’ची अट असलेली क्वेरी कोणतीही एरर न देता चुकीच्या ओळी आणते आणि तो दोष थेट महिनाअखेरच्या ताळेबंदात सापडतो.

धागाकर्ता: हे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. ‘इज नल’ हे प्रमाण एसक्यूएलच (सर्व डेटाबेसना सामाईक असलेली भाषा) आहे, प्रोसिजर न लिहिताही हा फरक उरतोच. मग तुमच्या मधल्या थराने वाचवले काय?

फाउंड्रीवाला, कोल्हापूर: आपण दोघे कोडवरून भांडत आहात, पण आमचा गळा आवळला तो डेटामुळे. ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) बदलायचे ठरवल्यावर जुन्या विक्रेत्याने साठ्याची नोंदवही आणि हीट नंबरनुसार (भट्टीतील प्रत्येक ओताच्या क्रमांकानुसार) कास्टिंगच्या नोंदी पीडीएफमध्ये दिल्या. टेबले मागितली तेव्हा ‘स्कीमा (टेबलांची रचना) आमची मालमत्ता आहे’ असे उत्तर आले. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, म्हणून न वापरलेल्या सॉफ्टवेअरची एएमसी (वार्षिक देखभाल शुल्क) आम्ही भरत राहिलो. युरोपात सप्टेंबर 2025 पासून ग्राहकाला आपला डेटा दुसरीकडे नेता यावा यासाठीचा डेटा ॲक्ट लागू आहे. आपल्याकडे मात्र हे करारातच लिहून घ्यावे लागते.

जुना डीबीए: मग मुक्तस्रोत घ्यायचे होते.

धागाकर्ता: रेडिस हा डेटाबेसही मुक्तस्रोतच होता, तरी मार्च 2024 मध्ये परवाना बदललाच ना?

जुना डीबीए: बदलला, पण जुना कोड खुला असल्यामुळेच काही दिवसांत त्यातूनच वाल्की हा मुक्तस्रोत पर्याय उभा राहिला, बंद उत्पादनात ती सोय नसते, एवढे तरी मान्य करा. रिकाम्या स्ट्रिंगचा मुद्दा सोडतो, प्रोसिजरचा सोडणार नाही. आणि फाउंड्रीवाले, करारात डेटा परत मिळण्याचे नुसते कलम पुरणार नाही. मिळालेला डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) दुसऱ्या सर्व्हरवर दरवर्षी रिस्टोअर करून, त्यातून ताळेबंद काढून पाहण्याची अटही करारात घाला.