सेप्टिक टाकी पुन्हा तुंबली!! (सोसायटी ग्रुप, मढ)

कदम वहिनी (तळमजला): आज परत बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. तिसरा दिवस. कमिटी जागी आहे का?

पाटील सेक्रेटरी: नोंद घेतली आहे वहिनी. मार्चमध्येच टँकर आणून उपसा केला होता.

नेने काका: उपसा कसला! वरचं पाणी तेवढं ओढलं, तळाचा गाळ जागच्या जागी. बांबूला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळाला टेकवा, पाच मिनिटांनी सरळ वर काढा, काळं किती ते मोजा. पाणी सहा फूट खोल आहे. गाळ दोन फुटांवर गेला की उपसायचा. काल सव्वातीन निघाला.

शिंदे: काका, टॉवेल कोणाचा होता?

राणे: बायो-पावडर टाका, गाळ विरघळतो. आलेला मेसेज पुढे पाठवतोय.

नेने काका: वाळू, वाइप्स, सॅनिटरी पॅड कुठल्या पावडरने विरघळतात? मैला कुजवणारे जिवाणू मैल्यातूनच येतात. ॲसिड-फिनेल ओतून ते मारू नका, बस्स.
हिशोब बघा. ९६ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज १३,००० च्या आसपास. टाकी २०,००० ची. गाळ आणि वर तरंगणारी तेलकट साय मिळून अर्ध्याहून जास्त जागा गेली. पाणी दिवसभरही थांबत नाही, मैला खाली बसण्याआधीच शोषखड्ड्यात जातो, तिथल्या फटी बुजतात. मग पाणी वहिनींकडे.

सावंत: गच्चीचा पावसाळी पाईप टाकीच्या चेंबरला कोणी जोडला, ते आधी सांगा.

पाटील सेक्रेटरी: आपण अध्यक्ष होतात तेव्हाच, साहेब.

सावंत: मिनिट बुक दाखवा.

नेने काका: कोणीही जोडलेला असो, तोडा. एका सरीत टाकी ढवळून निघते. आणि बाहेर जाणाऱ्या पाईपचा टी (T आकाराचा जोड) तुटलाय. त्याचं तोंड सायीच्या खाली फूटभर हवं, नाहीतर साय थेट खड्ड्यात.

राणे: बायो-पावडर टाका, गाळ विरघळतो.

शिंदे: एक माणूस उतरवला तर तासाभरात होईल.

देशपांडे ताई: अजिबात नाही. २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद. वास येत नाही म्हणून गॅस नाही असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं.

नेने काका: टँकरचा पाईप तळापर्यंत सोडायला लावा, दोन्ही कप्प्यांत. घट्ट गाळ पाणी मारून सैल करायचा. जिवाणूंसाठी इंचभर राहू द्या, आणि लगेच साधं पाणी भरा. पावसात जमिनीतलं पाणी वर असतं, रिकाम्या टाकीवर बाहेरून दाब येतो.

पाटील सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ला टँकर. दोन्ही झाकणं मोकळी हवीत. छोट्या झाकणावर राणेंची गाडी उभी आहे.

शिंदे: पावडर टाका, विरघळेल.

सावंत: मिनिट बुक?