अनुभव धागा : वाईट आठवड्यानंतरच्या रविवारी उपदेश कसा करावा?

उपासनेला येणारी माणसं आठवडाभर नको ते ऐकून आलेली असतात. दंगल, पूर, गेलेल्या नोकऱ्या, नुसत्या संशयावरून आत टाकलेला कुणाचा तरी मुलगा. अशा रविवारी व्यासपीठावरून काय बोलायचं, काय टाळायचं, तयारी कशी करायची, याबद्दल जे नेमकं ठाऊक आहे ते इथे लिहा. "प्रभूवर भरवसा ठेवा" हे सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या पुढचं हवंय. पाळक, फादर, सिस्टर, वाचक, गायनमंडळातले, सगळ्यांनी लिहा.

पाचवा_अध्याय

सुरुवात उताऱ्यापासून. बायबलमधलं विलापगीत घेतलं की बहुतेक जण सरळ 3:22-23 वर जातात, "दररोज सकाळी नवी होणारी दया". पण त्या दोन ओव्यांच्या आधी वीस ओव्या निव्वळ काळोखाच्या आहेत आणि नंतर पुन्हा रडणं सुरू होतं. पुस्तकाची बांधणी बघा. पहिले चार अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. अक्षरं 22, त्यामुळे ओव्या 22, तिसऱ्यात तिप्पट म्हणजे 66. पाचव्यात ओव्या 22च, पण अक्षरक्रम मोडलेला. दुःख बांधून ठेवायचा प्रयत्न शेवटी सुटतो, आणि शेवटची ओवी "तू आम्हांला कायमचं टाकलंस का" अशा सुरात संपते. हे मंडळीला सांगा. शास्त्रातच असं एक पुस्तक उत्तराशिवाय संपतं, हे ऐकून लोकांना जेवढा धीर येतो तेवढा आपल्या घाईघाईच्या उत्तराने येत नाही.

छोटा उतारा हवा असेल तर स्तोत्र 13. सहाच ओव्या, पहिल्या दोनांत "कोठवर" चार वेळा. वाचकाला सांगून ठेवा की प्रत्येक "कोठवर"नंतर श्वासभर थांब. स्तोत्र 88 त्याहून कठीण आहे, ते अंधारातच संपतं. ते वाचलं की लगेच आनंदगीत लावू नका, सगळ्यावर पाणी पडतं.

शनिवार_रात्र

घटना शनिवारी रात्री घडली तर तयार उपदेश फाडून नवा लिहायला बसू नका. पहाटे तीनला लिहिलेलं प्रवचन बहुतेक वेळा नुसता संताप असतो. चार जागा बदला : सुरुवातीची दोन मिनिटं, एक गीत, मध्यस्थीची प्रार्थना आणि आशीर्वादाआधीची सूचना. मूळ उतारा राहू दे. तीन वर्षांच्या वाचनमालेत नेमलेला उतारा पुष्कळदा आपोआप लागू पडतो. पडला नाही तर तसं सरळ म्हणा, ओढूनताणून जुळवू नका.

बातमीची खातरजमा दोन वेगळ्या ठिकाणांहून करा. फिरत आलेला मेसेज हे ठिकाण नव्हे. मृतांचा आकडा बदलत असतो, म्हणून "अनेक जण" पुरे. मृताचं नाव घ्यायचं तर आधी घरच्यांना विचारा. लहान मुलं बसलेली असतील तर मारहाणीचं वर्णन गाळा. आणि आत्महत्या असेल तर कशी केली हे प्रार्थनेतसुद्धा बोलायचं नाही.

माप_आणि_तागडी

न्यायावर बोलताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढोबळपणा. "समाजात अन्याय वाढला आहे" असं म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि कुणालाच काही लागत नाही. संदेष्टा आमोस असं बोलत नाही. 8:5-6 वाचा : शब्बाथ कधी संपतो आणि धान्य विकायला काढतो असं व्यापाऱ्यांना झालेलं आहे. एफाचं माप लहान, तोलायचा शेकेल जड, तागडी खोटी, आणि गव्हात भुसकट. म्हणजे देताना कमी, घेताना जास्त, आणि देतात तेही भेसळीचं. लबाडी कुठे आहे हे तो वस्तूसकट सांगतो. आमोस 5:24 च्या "न्याय पाण्यासारखा वाहो" या ओवीचं वजन या तपशिलामुळे आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 28 ऑगस्ट 1963 च्या भाषणात तीच ओवी आणली, पण त्याआधी पोलिसांचा अत्याचार, राहायला नाकारलेली हॉटेलं, नाकारलेलं मत असं एकेक नाव घेऊन सांगितलं होतं.

तयारीसाठी एक कसोटी : आपलं वाक्य आमोसाच्या काळातही जसंच्या तसं चाललं असतं का? चाललं असतं तर ते अजून ढोबळ आहे. आजचं माप कुठलं ते शोधा. पगारातून कापलेले पण जमा न केलेले पैसे, न वाचता अंगठा घेतलेला कागद, एकाच कामाचे बाईला कमी आणि पुरुषाला जास्त.

नासरेथ

वरच्याला पुरवणी. लूक 4 मध्ये येशूने यशयाचं पुस्तक वाचलं तेव्हा लोक खूश होते. "सूड घेण्याचा दिवस" येण्याआधीच त्याने वाचन थांबवलं, तरी कुणी उठलं नाही. पण सारफथची विधवा आणि सिरियाचा नामान या दोन परक्यांची नावं घेतली आणि तीच माणसं त्याला कड्यावरून ढकलायला निघाली. न्यायावरच्या उपदेशात दुखरी जागा ही असते : देवाची दया आपल्या कुंपणाबाहेर गेली की राग येतो. त्या जागी आवाज चढवू नका, उलट खाली आणा.

पक्षाचं नाव घेऊ नये या मताचा मी आहे. कृत्याचं नाव मात्र घ्यावंच.

मागचा_बाक

@नासरेथ, अर्धंच पटलं. नाव टाळायच्या नादात "काही लोक", "काही शक्ती" सुरू होतं आणि ऐकणारा आपल्याला नकोसा माणूस त्यात बसवतो. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची पद्धत बघा. रविवारी आधी उताऱ्याचं विवरण, मग त्या आठवड्यात कुणाला उचललं, कुणाला मारलं याची नोंद, आणि ती महाधर्मप्रांताच्या कायदेविषयक कार्यालयाने गोळा करून पडताळलेली. रेडिओवरून ते देशभर ऐकलं जायचं. 23 मार्च 1980 ला त्यांनी सैनिकांना उद्देशून दडपशाही थांबवा म्हटलं, दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली. किंमत अशी असते, म्हणून पडताळणीही तेवढीच हवी.

आता आवाजाचं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा. पंधरा मिनिटांच्या उपदेशाला दीड हजार पुष्कळ झाले, शोक असेल तेव्हा बाराशे, कारण थांबे वाढतात. माइक तोंडापासून वीतभर लांब. शांतता पाळायची तर आधी सांगा, "आपण एक मिनिट शांत राहू". न सांगता थांबलात की लोकांना वाटतं माइक गेला, आणि कुणीतरी तारा तपासायला उठतो. घड्याळ लावा. मनातलं एक मिनिट वीस सेकंदांत संपतं.

अनाथोथ

आशेबद्दल. यिर्मया 29:11 ("तुमच्या हिताचे संकल्प") हे कॅलेंडरवरचं वचन झालंय, पण ते बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि आधीच्याच ओवीत मुदत दिलीय : सत्तर वर्षं. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतायच्या आत मरणार होते. तोवर काय करायचं ते 5 ते 7 या ओव्यांत आहे : घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. मागच्याच अध्यायात खोटा संदेष्टा हनन्या दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणाला होता. मंडळीला अर्थातच तोच आवडला असणार! म्हणून 28 आणि 29 हे अध्याय एकत्र वाचा, खोट्या आशेचा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अध्याय 32 तर माझ्या मते आशेवरचा सगळ्यात व्यवहारी उतारा. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद, आणि तो अनाथोथचं शेत विकत घेतो. 17 शेकेल चांदी तोलून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन, एक मोहोरबंद आणि एक उघडा असे दोन्ही कागद मातीच्या भांड्यात ठेवायला सांगून. उपदेशात हा खरेदीखताचा भाग घाईत उरकू नका, सावकाश वाचा. शेवटी विचारा : आपली मंडळी या महिन्यात असं कुठलं शेत विकत घेणार? उत्तर एकच आणि करता येण्याजोगं असू दे. पाच कामं सांगितली की एकही होत नाही.

शिलोहचा_बुरूज

"हे का झालं?" याला उत्तर देऊ नका. लूक 13:4 मध्ये शिलोहात बुरूज पडून 18 जण मेले, ते जास्त पापी होते का? येशू "नाही" म्हणतो. तिथेच थांबता येतं. रोम 8:28 ("सगळं मिळून कल्याणासाठीच") अंत्यविधीला वापरण्याआधी 22, 23 आणि 26 वाचा : सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आत्माही कण्हतो.

आणखी एक, क्षमेचं. मार खाणारी बाई बाकावर बसलेली आहे असं धरूनच बोला. "दुसरा गाल पुढे करा" हे तिला घरी परत जायचा हुकूम म्हणून ऐकू येतं. त्याच उपदेशात एक वाक्य स्पष्ट हवं : सुरक्षित जागी जाणं, तक्रार करणं हे क्षमेच्या आड येत नाही. क्षमेची तारीख तिला बाहेरच्याने ठरवून द्यायची नाही.

सात_दिवस

गप्प राहणंही चालतं. इ.स. 387 मध्ये अंत्युखियात नव्या करावरून दंगल झाली, लोकांनी सम्राटाचे पुतळे पाडले आणि शहर शिक्षेच्या भीतीने गारठलं. तिथले याजक योहान ख्रिसोस्तम ईयोबाच्या मित्रांसारखे सात दिवस गप्प बसले, मग उपवासकाळभर बोलत राहिले, आणि त्यांतही बराच वेळ शपथा खाऊ नका यासारख्या रोजच्या गोष्टींवर. भेदरलेल्या माणसाला हातात घेण्यासारखं काहीतरी छोटं लागतं.

शनिवार_रात्र

दाराशी ठेवायच्या कागदाचं राहिलं. अर्धं पान, मोठी अक्षरं : वकील कोण, धान्य कुठे मिळेल, मंडळीतल्या कुणाला रात्री फोन चालेल. प्रत्येक नंबर शनिवारी स्वतः लावून बघा. लागत नसेल तर खोडा, ती ओळ रिकामी गेली तरी चालेल.