स्पेलचं रूप बदलायचं पण नियम तसेच ठेवायचे, कुठपर्यंत चालतं?

घाटमाथा_डीएम

मंडळी, कर्वेनगरला एका मित्राकडे रविवारी दुपारी आमचा डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्टीतली पात्रं खेळायचा खेळ) ग्रुप बसतो, फिफ्थ एडिशन, २०१४ चीच पुस्तकं. नवीन कॅम्पेन (बरेच रविवार चालणारी गोष्ट) मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून चालवणार आहे आणि ते सगळं घाटात ठेवलंय, म्हणजे किल्ले, देवराया, कातळात खोदलेली टाकी, नाणेघाटासारखी एक जकातीची खिंड, पायथ्याला गावं. नकाशा मनासारखा झालाय. पण पहिल्याच लढाईत कोणी परदेशी मनोऱ्यातल्या जादूगारासारखं वर्णन केलं की सगळं मुसळ केरात, म्हणून सगळ्यांना सांगितलं की तुमचे स्पेल (जादूचे मंत्र) या मातीतले करून आणा, नियमाला मात्र हात लावायचा नाही.

आता सगळे सुटलेत. क्लेरिक (देवभक्तीतून जादू करणारं पात्र) वेताळाची भक्त आहे, गावाचा राखणदार असतो तो वेताळ, आणि तिला स्पिरिट गार्डियन्स (भोवती आत्मे फिरवणारा स्पेल) म्हणजे वेताळाची पालखी हवी, अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन निघते म्हणतात ती. मला कल्पना जाम आवडली. पण ती म्हणते मशाली आहेत म्हणजे उजेड पडला पाहिजे आणि ट्रोलला चटका पण बसला पाहिजे. विझर्डला (अभ्यासातून जादू शिकलेल्याला) फायरबॉल, म्हणजे आगीच्या स्फोटाचा स्पेल, टाकताना आग्या मोहोळ उठवायचंय. आणि सॉर्सररचं (ज्याची जादू उपजत असते त्याचं) म्हणणं आहे की त्याची जादू नुसत्या नजरेतून होते, ओठ हलत नाहीत की बोटं हलत नाहीत, त्यामुळे पहारेकऱ्याला काही कळायचं कारणच नाही. तिघं मनापासून मेहनत घेतायत, कोणाचा हिरमोड करायचा नाहीये. रेघ कुठे मारू?

सदाशिवपेठी_फासे

पालखी भन्नाट आहे, आधी ते सांगतो. आणि अशा बदलाला पुस्तकाचाच आधार आहे, ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग (२०२०) मध्ये स्पेल आपल्या कॅरेक्टरसारखे दिसावेत यावर एक छोटा भाग आहे. त्यात म्हटलंय की दिसणं हवं तसं करा पण परिणाम बदलायचा नाही, आणि एक स्पेल दुसऱ्याच स्पेलसारखा भासेल असंही करायचं नाही. हे दुसरं लोक वाचत नाहीत आणि खरी भांडणं तिथेच होतात.

मी टेबलवर एकच बघतो, फासे ज्याला शिवतात ते हलवायचं नाही. डॅमेजचा (इजेचा) प्रकार, सेव्ह (परिणाम चुकवायला टाकायचा फासा), रेंज, किती फूट, किती वेळ, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारं लक्ष), व्ही-एस-एम (बोलणं, हातवारे, सामान). बाकी रान मोकळं.

आता तुझी पालखी घे. स्पिरिट गार्डियन्स १५ फुटांत, विझ्डम सेव्ह, चुकला तर ३ डी ८ (आठ बाजूंचे तीन फासे) आणि सेव्ह झाला तरी निम्मं, डॅमेज रेडियंट, म्हणजे दैवी तेजाचं (कॅरेक्टर इव्हिल असेल तर नेक्रोटिक, म्हणजे मृत्यूच्या शक्तीचं). मशाली खुशाल असू देत पण त्यांचा जाळ नको, पांढरट थंड उजेड ठेव, जो देवत्वाचा म्हणून भाजतो. ट्रोलची जखम भरून येणं फक्त आग नाहीतर ॲसिडने थांबतं, रेडियंटने नाही, त्यामुळे इथे तू मान डोलावलीस तर तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये (मोजक्याच मिळणाऱ्या स्पेलच्या जागेत) तू तिला दुसरा एक स्पेल फुकट दिलास. उजेडाचंही तेच. मशाली दिसतात, पण त्या उजेडात भुयारातला नकाशा वाचता येत नाही. उजेड हवा तर लाईट नावाची कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल) क्लेरिककडे असतेच.

आणि खरी मजा पुढे आहे. या स्पेलच्या आत शत्रूची चाल निम्मी होते. मूळ वर्णनात नुसती भुतं भोवती फिरतात, मग चाल का कमी होते ते कोणालाच जाणवत नाही. पालखीत ते आपोआप बसतं! भोई, चवरीवाले, मशालजी, वाजंत्री, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर समोरच्या फूटपाथला जायचं असेल तर जसं होतं तसं त्या गोब्लिनचं होणार. पालखीच्या त्रासातून ज्यांना वगळायचं ती माणसं क्लेरिक स्पेल टाकतानाच ठरवते, मग आपल्या लोकांना गर्दी वाट करून देते असं सांग. माझ्या मते चांगलं रिफ्लेव्हर (नियम तोच ठेवून बदललेलं रूप) ओळखायची हीच खूण, नियम तोच राहतो आणि तो तसा का आहे ते टेबलला आधीपेक्षा जास्त पटतं.

निवडुंग

मी बऱ्याच वर्षांपासून ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळते आणि मोहोळाचा मोह मलाही झालेला, म्हणून विझर्डची बाजू समजू शकते. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला आग्या मोहोळ म्हणजे काय ते माहीत असतं, कोणी खाली धूर केला किंवा अत्तर फासून आलं की काय होतं तेही. पण फायरबॉलला ते बसत नाही. ८ डी ६ फायर आहे, २० फुटांचा गोल, आणि कोणी अंगावर घातलेली किंवा हातात धरलेली नसेल अशी जळण्यासारखी वस्तू पेट घेते. मधमाश्यांनी गवताची गंजी पेटली हे कसं सांगणार? आणि आगीला न बधणारा राक्षस माश्यांनाही का बधत नाही? प्रत्येक वेळी डीएमला काहीतरी जुळवून सांगावं लागेल आणि तिसऱ्या लढाईपर्यंत सगळे कंटाळतील.

मोहोळ फुकट घालवू नका, जागा बदला. इन्फेस्टेशन नावाची कॅन्ट्रिप झनाथारच्या पुस्तकात (झनाथार्स गाईड टू एव्हरीथिंग, २०१७) आहे, विझर्डला घेता येते. ३० फूट रेंज, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला तर १ डी ६ पॉयझन आणि तो कुठल्यातरी भलत्याच दिशेला ५ फूट सरकतो, दिशा डी ४ टाकून ठरते. माश्या डसल्यावर माणूस अगदी हेच करतो ना, जिकडे तोंड वळेल तिकडे पळतो. आणि सांगाड्याला पॉयझन लागत नाही, तिथेही बरोबर बसतं, हाडांना माश्या काय डसणार. मोठा झुंड हवा तर इन्सेक्ट प्लेग आहे, पण तो पाचव्या लेव्हलचा आणि विझर्डच्या यादीत नाही, तेव्हा त्याचं स्वप्न सध्या नको.

फायरबॉलला आपल्याकडे आग्यावेताळ आहे की. रात्री डोंगराच्या धारेवर आगीचा लोळ फिरताना दिसतो तो. विझर्ड बोट दाखवतो, ठिणगी १५० फुटांपर्यंत जाते आणि तिथे तो उठून उभा राहतो. फायरबॉलची आग कोपऱ्यामागेही शिरते हे बरेच जण विसरतात, वेताळ म्हटल्यावर तो वळून बघतो आणि खांबामागच्यालाही धरतो. सामानही काही बदलावं लागत नाही, पुस्तकातच वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लिहिलंय. त्या विष्ठेतून सोरा मिळतो, म्हणजे बंदुकीच्या दारूतल्या दोन वस्तू झाल्या, आणि वटवाघळांनी भरलेल्या गुहा घाटात किती! गुहेतून ती गोळा करणं हा एक छान प्रसंग होईल. अर्थात फोकस (काठीसारखी जादूची वस्तू) असला तर बिनकिमतीचं सामान लागत नाही, त्यामुळे सक्ती करू नकोस.

एक मात्र पालखीबद्दल. देवाची नावं येणार असतील तर सुरू करायच्या आधी टेबलवर विचारून घे. कोणाच्या घरचं कुलदैवत असतं, कोणाला ते खेळात आलेलं आवडत नाही, आणि ऐन लढाईत ते बोलायला अवघड जातं.

रातवा

सॉर्सररचं मागणं या तिघांत सगळ्यात गोड दिसतं आणि सगळ्यात महाग आहे. झनाथारमध्येच स्पष्ट दिलंय की स्पेलला बोलणं, हातवारे किंवा सामान यातलं काहीही लागत असेल तर टाकणारा समोरच्याला जाणवतो. तो लपवायला सटल स्पेल नावाची मेटामॅजिक (सॉर्सररची स्पेल वाकवायची कला) आहे, त्याच्या मोजक्या सॉर्सरी पॉइंटांतला एक लागतो, आणि तिनेही फक्त बोलणं आणि हातवारे जातात, सामान किंवा फोकस दिसतोच. तू नजरेवर हो म्हणालास तर ज्याने पुढे सटल घेतलं त्याने काय मिळवलं?

आणि हे दोन्ही बाजूंनी फिरतं. उद्या समोरचा मांत्रिक पण नुसता बघून स्पेल टाकायला लागला तर तुमच्यात कोणाकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) असेल त्याचं वाटोळं, कारण त्याला ६० फुटांत स्पेल टाकताना दिसावं लागतं. सॉर्सररच्या तोंडात बोळा कोंबला किंवा आवाज बंद करणाऱ्या सायलेन्स स्पेलच्या आत उभं केलं तर काय, नजर चालूच? नाही ना चालणार. मग तोंडाने काहीतरी यायलाच पाहिजे.

पण ते काय यावं यावर त्याला पूर्ण सूट दे. आजीने शिकवलेली जात्यावरची ओवी म्हणू दे, हाताने जातं फिरवल्यासारखं करू दे, डोळे पांढरे होऊ देत. नजर राहिली, ओवी आली, पहारेकऱ्याला हेही कळलं की हा बाबा काहीतरी करतोय. नेमका कुठला स्पेल ते ओळखायला त्याला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) आणि अर्काना चेक (जादूच्या ज्ञानाचा फासा), गाठायचा आकडा १५ अधिक स्पेलची लेव्हल. एवढं गूढ पुरेसं आहे.

घाटमाथा_डीएम

जबरदस्त, तिघांचेही आभार. चाल निम्मी आणि गर्दी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, क्लेरिकला लगेच पाठवलं, ट्रोलचा विषय तिने स्वतःच सोडला. विझर्ड आग्यावेताळावर खूश आहे. सॉर्सरर थोडा घासाघीस करतोय पण ओवी त्याला आवडली.

आता विझर्डने वेब (कोळ्याच्या जाळ्याचा स्पेल) म्हणजे करवंदीची जाळी मागितली आहे. अडकायला होतं, आरपार नीट दिसत नाही, हे सगळं जुळतं. पण काट्यांचं डॅमेज तो मागणार हे मला आत्ताच दिसतंय, १ डी ४ तरी द्या म्हणेल. आणि पालखी वरच्या स्लॉटने टाकली तर वेगळं काही दाखवायचं का?

सदाशिवपेठी_फासे

काट्याचं डॅमेज नाही. शर्ट फाटतो, रक्त येतं, हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारा आकडा) जात नाहीत. पण वेबला आग लागते हे विसरू नको, ५ फुटांचा तुकडा एका राउंडमध्ये जळून जातो आणि आत असलेल्याला २ डी ४ फायर बसतं, तेव्हा जाळी मे महिन्यातली वाळकी कर, ऐन पावसाळ्यातली हिरवी केलीस तर तुलाच उत्तर देताना नाकी नऊ येतील. आणि दोन भक्कम आधार लागतात, दोन कातळ किंवा दोन झाडं, नाहीतर ती जमिनीवर पसरायची, हे त्याला आधीच सांगून ठेव.

अजून एक, स्पेलचं मूळ नाव टेबलवर मोठ्याने घ्यायची सवय लावा. "पालखी बोलावते, स्पिरिट गार्डियन्स, तिसरा स्लॉट." आधी आपलं वर्णन आणि लगेच हे, म्हणजे कागदावर काय लिहायचं ते कोणालाच विचारावं लागत नाही. चौथ्या स्लॉटने टाकली तर ४ डी ८ होतात, तेव्हा मशाली वाढव, ढोल वाढव, पाचव्याला अब्दागिरी काढ. फूट मात्र १५ च.