डिझाइन पॅटर्नला ‘साचा’ म्हणावं का?

प्रश्न: सॉफ्टवेअरवर मराठीत लिहितेय. ‘आर्किटेक्चर स्टाइल’ला स्थापत्यशैली आणि ‘डिझाइन पॅटर्न’ला साचा असं लिहिलंय खरं, पण साचा काही केल्या पटत नाही. दुसरा शब्द सुचतो का?

– साचा नकोच. साच्यातून निघालेल्या सगळ्या मूर्ती एकसारख्या. पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीवरचं उत्तर, आणि ही कल्पना मुळात इमारतींची. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९७७ मध्ये ती सविस्तर मांडली, तेव्हा अट अशी की उत्तराचा गाभा तोच, पण तो लाखदा वापरला तरी दोन घडणी सारख्या होऊ नयेत. शिवाय साचा हा शब्द टेम्प्लेटने आधीच अडवलाय. ‘गँग ऑफ फोर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार लेखकांच्या १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात जे २३ पॅटर्न आहेत त्यांतला एक ‘टेम्प्लेट मेथड’. त्याचं काय, ‘साचा-पद्धत साचा’?

प्रश्न: मग आकृतिबंध?

– सरकारी कागदांत आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता! मी रचनाबंध वापरतो. ऑब्झर्व्हर नावाचा पॅटर्नच घ्या. तापमान बदललं की पडद्यावरचा आकडा, आलेख, धोक्याची घंटा, तिघेही जागे होतात. तापमान सांभाळणाऱ्या क्लासला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या घटकाला, मात्र हे तिघे कोण, याचा पत्ता नसतो. यादीत नाव घातलेल्या प्रत्येकाला तो ‘बदललं बरं का’ एवढंच कळवतो. ही बांधणी झाली, ठसा नव्हे. म्हणून ‘बंध’.

– आणि स्थापत्यशैलीचं म्हणाल, तर तो शब्द वाचून मला घुमट आणि कमानीच दिसतात. त्यापेक्षा धाटणी बरा. रॉय फील्डिंग यांनी २००० च्या प्रबंधात रेस्ट (वेबवरच्या सिस्टीमची एक आर्किटेक्चर स्टाइल) मांडलं ते बंधनांचा संच म्हणून. उदाहरणार्थ, क्लायंटचं आधीचं बोलणं सर्व्हरने लक्षात ठेवायचं नाही, प्रत्येक विनंतीत लागेल ते सगळं आलं पाहिजे. धाटणी अख्ख्या सिस्टीमला लागू होते, रचनाबंध चार क्लासांपुरता. ‘ही सिस्टीम रेस्ट धाटणीची’ म्हणून बघा, कुठे अडखळत नाही.

प्रश्न: आणि एमव्हीसी, म्हणजे माहिती, पडदा आणि त्यांना जोडणारा भाग वेगळे ठेवणारं मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर?

– तिथे गोची आहे. एका पडद्यापुरतं असेल तर रचनाबंध, सगळं ॲप त्यावर उभं असेल तर धाटणी. इंग्रजीतही लोक दोन्ही म्हणतात, त्यामुळे मराठीवर खापर नको.

प्रश्न: ठरलं, धाटणी आणि रचनाबंध. ऑब्झर्व्हरचा ‘निरीक्षक’ मात्र करणार नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो.